नियम सगळ्यांना सारखे, तरी वरच्या खुर्च्यांवर तेच ते

२ जुलै १९६५ पासून अमेरिकेत वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून नोकरीत डावं-उजवं करणं बेकायदा ठरलं. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर नावाचं वीजकेंद्र होतं. तिथे पाच विभाग होते आणि कृष्णवर्णीय कामगारांना त्यांतल्या एकाच विभागात घेत असत, मजूर विभागात. या विभागातला सर्वांत जास्त पगार बाकीच्या विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. कायदा लागू झाला आणि कंपनीने उघड वर्णभेद बंद केला. पण त्याच दिवशी एक नवा नियमही आला. मजूर विभाग सोडून दुसरीकडे नोकरी हवी असेल तर हायस्कूल पास असायला हवं, आणि दोन लेखी चाचण्यांत ठरावीक गुण मिळायला हवेत.

कागदावर पाहिलं तर यात खटकण्यासारखं काही नाही. अट गोऱ्यालाही तीच, काळ्यालाही तीच. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते, आणि कृष्णवर्णीय १२ टक्के. गंमत अशी की ज्या कामांसाठी ही अट घातली, तीच कामं हायस्कूल न झालेले जुने गोरे कामगार वर्षानुवर्षं व्यवस्थित करत होते आणि त्यांना बढत्याही मिळत होत्या. म्हणजे त्या प्रमाणपत्राचा कामाशी काही संबंध नव्हता. कृष्णवर्णीय कामगार न्यायालयात गेले. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हा खटला ऐकणाऱ्या आठही न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. नियम वरून निष्पक्ष दिसतो एवढ्यावर भागत नाही, तो चालतो कसा आणि बाहेर कोणाला ठेवतो हे पाहावं लागतं, हा त्या निकालाचा गाभा. मनात कपट होतं की नव्हतं हा प्रश्नही न्यायालयाने बाजूला ठेवला.

ज्याला आपण कंपनीतलं 'वातावरण' म्हणतो, ते समजून घ्यायला हा खटला फार उपयोगी आहे. भेदभाव सहन करणारा माणूस बहुतेक वेळा दुष्ट साहेब शोधत बसतो. तो सापडतोही कधी कधी. पण पुष्कळ कंपन्यांत असा कोणी नसतो. साहेब सज्जन असतात, वाढदिवसाला केक कापतात, आजारपणात चौकशी करतात. तरीही दहा वर्षांनी वर पोहोचलेली माणसं एकाच छापाची निघतात. कारण भेदभाव कोणाच्या स्वभावात कमी आणि रोजच्या पद्धतींत जास्त मुरलेला असतो. माणूस कसा निवडला, काम कोणाला दिलं, पगार कसा ठरला, तक्रार कोणाच्या टेबलावर गेली, अशा साध्यासुध्या जागी.

एक घोळ आधीच मिटवून टाकू. जुनाट कंपनी आणि भेदभाव करणारी कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे अजून हजेरीपुस्तक आहे, बढती ज्येष्ठतेने होते आणि पगाराचे टप्पे छापील तक्त्यात आहेत, ती कंपनी कंटाळवाणी असेल, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला किती मिळतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. उलट सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, साहेबाची केबिन नाही, असं झकपक ऑफिस असलं तरी तिथे पगार ज्याच्या-त्याच्या घासाघिशीवर ठरतो आणि बढती 'कोण आपल्यातला वाटतो' यावर. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी भेदभाव ओळखणं जास्त अवघड, कारण तिथे बोट ठेवायला लेखी नियमच नसतो. या दोहोंतलं वाईट तेवढं एकत्र आलं की हाल विचारू नका.

पदनामाची किमया

पद्धतीत लपलेल्या भेदभावाची सर्वांत जुनी आणि टिकाऊ युक्ती म्हणजे कामाला वेगळं नाव देणं.

जपानमध्ये १९८५ साली स्त्री-पुरुषांना नोकरीत समान संधी देणारा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. 'पुरुषांची कामं' आणि 'बायकांची कामं' अशी उघड विभागणी आता अडचणीची ठरणार होती. मग बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी नोकरीच्या दोन वाटा आखल्या. एक 'सोगोशोकू', म्हणजे बढती, बदल्या, जबाबदारी असलेली मुख्य वाट. दुसरी 'इप्पानशोकू', म्हणजे मदतनिसाची, कारकुनी, फारशी वर न जाणारी वाट. दोन्हींची दारं सर्वांना खुली. प्रत्यक्षात पहिल्या वाटेवर जवळजवळ सगळे पुरुष आणि दुसरीवर बायका. मुख्य वाटेला देशात कुठेही बदली स्वीकारण्याची अट जोडलेली असे. घर आणि मुलं कोणाच्या गळ्यात पडतात हे सगळ्यांना माहीत असताना अशी अट काय करणार, ते सांगायला नकोच.

भारतातलं उदाहरण याहून बोलकं आहे. एअर इंडियात विमानात प्रवाशांची सेवा करणाऱ्या पुरुषांना ५८ व्या वर्षापर्यंत नोकरी होती. हवाई सुंदरींना मात्र ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावं लागे. लग्न नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत झालं तर त्याआधीच, आणि पहिल्या गरोदरपणातही. ३५ नंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. नर्गेश मिर्झा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि संचालकांची मर्जी, दोन्ही रद्द केल्या. पण निकालाचा दुसरा भाग तितकासा सांगितला जात नाही. हवाई सुंदरी आणि पुरुष कर्मचारी हे वेगवेगळे संवर्ग आहेत, त्यामुळे सेवेच्या अटी वेगळ्या असल्या तरी चालतील, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. चार वर्षांची लग्नाची अटही टिकली. एकाच विमानात, त्याच प्रवाशांची सेवा, पण पदनाम वेगळं असल्यामुळे तुलनाच होऊ शकत नाही, असा हा प्रकार.

इंग्लंडमध्ये डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यात १८७ बायका मोटारींच्या सीटांची आवरणं शिवत. १९६८ साली कंपनीने कामांची नवी प्रतवारी केली आणि या शिवणकामाला 'अकुशल' कामाच्या श्रेणीत टाकलं. वर त्या श्रेणीतल्या पुरुषांना मिळणाऱ्या दराच्या ८५ टक्केच दर त्यांना. त्यांनी संप केला. आवरणांअभावी मोटारी अडकल्या, मंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या, दर ९२ टक्क्यांवर गेला आणि १९७० च्या समान वेतन कायद्याला या संपाने मोठी गती दिली. इतिहासात हा संप समान पगारासाठीचा म्हणून नोंदला गेला. त्या बायकांचं मूळ भांडण मात्र वेगळं होतं. आमच्या कामाला कौशल्य लागतं हे मान्य करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते मान्य व्हायला १९८४ साल उजाडलं, आणि त्यासाठी आणखी एक संप करावा लागला.

तुमच्या कंपनीतही दोन माणसं एकच काम करत असून एकाच्या कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' आणि दुसरीच्या कार्डावर 'कोऑर्डिनेटर' असेल, तर त्या दोन शब्दांमागे पगाराचा किती फरक आहे ते शोधून काढा.

कोणाला बोलावलं जातं, कोण 'जमतो'

निवडीच्या टप्प्यावर काय घडतं हे मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवायचे, फक्त नावं बदलायची. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना असे सुमारे ५,००० बायोडेटा पाठवले. २००४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक फोन आला. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला एका फोनसाठी १५ अर्ज लागले. हे बायोडेटा वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'मी भेदभाव करत नाही' असं शपथेवर सांगितलं असतं, आणि ते खोटं बोलत आहेत असंही त्यांना वाटलं नसतं.

पुढचा टप्पा इंटरव्ह्यूचा. इथे 'आपल्या टीममध्ये जमेल का' हा प्रश्न येतो. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतल्या बड्या वकिली संस्था, गुंतवणूक बँका आणि सल्लागार कंपन्यांत भरती करणाऱ्यांच्या १२० मुलाखती घेतल्या. २०१२ साली त्यांनी मांडलं की हे लोक उमेदवारात कामाच्या कौशल्याइतकाच, कित्येकदा जास्तच, आपल्यासारखेपणा शोधतात. सारखे छंद, सारखे खेळ, फिरायला जायच्या सारख्या जागा. हे छंद पैसेवाल्या घरात वाढलेल्यांनाच परवडणारे असले की बाकीच्यांचा पत्ता आपोआप कापला जातो. त्यात कोणी कोणाचा अपमान केलेला नसतो. ओळखीतून भरती करणाऱ्या कंपन्यांत तर हे चाक आणखी जोरात फिरतं, कारण ओळखीच्यांच्या ओळखीचे बहुधा त्यांच्याच भाषेचे, वर्गाचे, जातीचे किंवा धर्माचे निघतात.

आत आल्यावर कामं वाटली जातात, आणि इथला भेदभाव सर्वांत कमी दिसतो. मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं, निरोप समारंभाची वर्गणी गोळा करायची, नव्या माणसाला सगळं समजावायचं, समितीवर बसायचं. ही कामं कोणीतरी करावीच लागतात, पण अप्रेझलच्या फॉर्मवर त्यांना रकाना नसतो. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि तीन सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तिघांच्या गटातल्या एकाने एक बिनफायद्याचं काम अंगावर घ्यायचं होतं. स्त्री-पुरुष मिश्र गटांत ते काम स्वतःहून घेण्याचं प्रमाण स्त्रियांत ४८ टक्क्यांनी जास्त निघालं. गट फक्त पुरुषांचा किंवा फक्त स्त्रियांचा केला, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे बायकांना अशी कामं मुळातच आवडतात हे खरं नाही. खोलीत बाई असली की ती करेल, हे सगळे धरून चालतात, ती स्वतःसुद्धा.

मग येतं मूल्यमापन. अमेरिकेतल्या प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस कंपनीत १९८२ साली ८८ जणांची नावं भागीदारपदासाठी पुढे आली. त्यांत स्त्री एकच, अॅन हॉपकिन्स. कंपनीच्या ६६२ भागीदारांपैकी स्त्रिया होत्या ७. हॉपकिन्स यांनी सरकारी खात्याचं सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम मिळवण्यात मोठा वाटा उचलला होता. तरी त्यांचं नाव मागे ठेवलं गेलं. भागीदारांच्या शेऱ्यांत कामाबरोबर त्यांच्या बोलण्या-वागण्यावर टीका होती. संधी वाढवायची असेल तर चालणं-बोलणं जास्त बायकी करा, मेकअप करा, केस नीट करून घ्या, दागिने घाला, असा सल्ला त्यांना दिला गेला. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे साचे लावणं हा लिंगभेदाचा पुरावा मानला आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने त्या भागीदार झाल्या. पेच नीट पाहा. कामासाठी ठामपणा हवा, पण ठाम बाई चालत नाही. पुरुषात जो गुण, तोच बाईत 'अॅटिट्यूड'. अप्रेझलमध्ये कामाचा उल्लेख न करता फक्त स्वभावावर शेरे आले तर सावध व्हा. आणि तुमच्या बरोबरीच्या इतरांच्या अप्रेझलमध्येही स्वभावाची चर्चा होते का, हे चहाच्या वेळी विचारून घ्या.

परंपरेचं कारण

जुन्या संस्थांकडे एक खास उत्तर असतं, आमची परंपरा. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या प्रख्यात वाद्यवृंदात हार्पवादक अॅना लेल्केस दोन दशकांहून जास्त काळ वाजवत होत्या, पण १९९७ सालापर्यंत त्या सदस्य नव्हत्या, कारण सदस्यत्व पुरुषांनाच मिळे. स्त्रिया आल्या तर वाद्यवृंदाची एकजीवता आणि नाद बिघडेल, अशी भीती आतल्या मंडळींनी बोलून दाखवली होती. नाद बिघडत असता तर तो इतकी वर्षं रोजच बिघडत असणार! काम चालतं, हुद्दा चालत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. परंपरेचं कारण पुढे आलं की एवढंच विचारावं, ती मोडल्याने कामाचं नेमकं काय नुकसान होईल?

कुलूप लावलेला पगार

लिली लेडबेटर अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या गुडइयर टायर कारखान्यात १९७९ साली लागल्या. शेवटी त्या एरिया मॅनेजर होत्या. कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, तेव्हा त्यांना कळलं की त्यांना महिना ३,७२७ डॉलर मिळतात आणि त्याच पदावरच्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. सर्वांत जास्त पगाराचा पुरुष ५,२३६ वर होता. त्या न्यायालयात गेल्या. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांचा दावा फेटाळला, कारण पगार ठरवण्याच्या निर्णयानंतर १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. जो निर्णय त्यांना ठाऊकच नव्हता, त्याविरुद्ध! जानेवारी २००९ मध्ये त्यांच्याच नावाचा कायदा करून ही मुदत प्रत्येक पगाराबरोबर नव्याने मोजायची तरतूद झाली. त्यांना स्वतःला त्यातून एक डॉलरही मिळाला नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, पगाराच्या गुप्ततेचा फायदा कोणाला होतो ते ओळखायचं. 'पगार ही खाजगी बाब आहे' हे वाक्य कर्मचाऱ्याच्या भल्यासाठी म्हटलं जातं असं वाटतं, पण सगळे आकडे ज्याच्यासमोर असतात तो पक्ष एकच असतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देश काढला तो याचसाठी. दुसरी, मुदत. जवळजवळ प्रत्येक देशात तक्रारीला मुदत असते आणि ती आपल्या अंदाजापेक्षा बरीच छोटी असते. भारतात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ती तीन महिने आहे, आणि समितीला सबळ कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढू शकते. 'जरा थांबून बघू' म्हणता म्हणता हा काळ निघून जातो.

मग करायचं काय

सर्वांत आधी लिहून ठेवा. तारीख, जागा, कोण काय म्हणालं, शक्यतो त्याच शब्दांत, आणि तेव्हा तिथे कोण होतं. त्याच दिवशी लिहिलेल्या चार ओळींना सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या चार पानांपेक्षा जास्त वजन असतं. ही टिपणं ऑफिसच्या लॅपटॉपवर नकोत, स्वतःच्या वहीत ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुमच्यावरच शिस्तभंगाची कारवाई सुरू होते. तोंडी दिलेल्या नकारानंतर सभ्य भाषेत एक ईमेल टाकावा: 'आज आपलं बोलणं झालं त्यानुसार माझी बढती अमुक कारणाने पुढे ढकलली आहे असं मी समजतो, चुकत असेल तर कळवा.' याला उत्तर आलं तर कारण लेखी होतं. नाही आलं तरी तुमची नोंद राहते.

तक्रारीत भावना नाकारायच्या नाहीत, पण मांडणी तुलनेची ठेवायची. 'माझ्यावर अन्याय होतो' या वाक्याला 'असं काही नाही' एवढं उत्तर पुरतं. 'गेल्या तीन वर्षांत या पदावरून बढती मिळालेल्या पाचही जणांचा अनुभव माझ्याइतका किंवा कमी होता, तर निकष कोणता होता?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. ड्यूक पॉवरच्या कामगारांनी कोणाचं मन वाईट आहे हे सिद्ध केलं नाही. अट कामाशी जुळत नाही एवढंच दाखवलं.

एचआरबद्दल गैरसमज नको. तिथली माणसं वाईट नसतात, पण त्यांचा पगार कंपनी देते आणि कंपनीचं नुकसान टाळणं हे त्यांचं काम. तुमची तक्रार मिटवल्याने कंपनीचा धोका कमी होत असेल तर ती तुमच्या बाजूने उभी राहतील. तुम्हाला गप्प बसवणं स्वस्त पडत असेल तर तसं. म्हणून तक्रार नोंदवताना ती कोणत्या कायद्यात किंवा कंपनीच्याच कोणत्या धोरणात बसते हे लिहावं, आणि त्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाशी किंवा युनियनशी बोलून घ्यावं. सूड उगवला जाण्याची भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या समान रोजगार संधी आयोगाकडे गेली अनेक वर्षं सर्वांत जास्त तक्रारी सूडबुद्धीच्या कारवाईच्याच येतात. म्हणूनच अनेक देशांत असा सूड हा मूळ भेदभावापेक्षा वेगळा गुन्हा किंवा वेगळा दावा ठरतो, आणि कित्येकदा तो सिद्ध करणं सोपं जातं, कारण तक्रारीची तारीख आणि बदलीची तारीख शेजारी शेजारी ठेवता येतात.

एकट्याने बोलणारा 'तक्रारखोर' ठरतो, चौघांनी मिळून विचारलेला प्रश्न 'मुद्दा' ठरतो. इथे ज्यांच्या वाट्याला भेदभाव येत नाही, त्या सहकाऱ्यांची खरी गरज असते. मीटिंगमध्ये 'ही कल्पना आधी तिने मांडली होती' असं म्हणायला, या वेळी इतिवृत्त मी लिहितो असं सांगायला, आपला पगार विश्वासाने उघड करायला त्यांचं फारसं काही जात नाही.

नोकरी सोडावी का? मला इथे शौर्याची भाषा आवडत नाही. राहून लढणं थोर आणि सोडून जाणं पळपुटेपणा, असं म्हणणाऱ्याला बहुधा कर्जाचे हप्ते, झोप उडालेल्या रात्री आणि घरी येऊन मुलांवर निघणारा राग यांचा हिशेब माहीत नसतो. एवढं मात्र खरं की अशा कंपनीतून आधी बाहेर पडतात ते बोलू शकणारे आणि दुसरीकडे सहज नोकरी मिळणारे, आणि त्यामुळे आतलं वातावरण आणखी घट्ट होतं. पण ते बदलण्याची जबाबदारी ज्याला त्रास झाला त्याच्यावर टाकणं हाही एक अन्यायच. तक्रार आणि कायदेशीर दावा करायचा विचार असेल तर राजीनामा देण्यापूर्वी सल्ला घ्या, कारण राजीनाम्यात लिहिलेलं 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द पुढे तुमच्याविरुद्ध वापरले जातात.

नवीन जागी इंटरव्ह्यू देताना 'तुमची संस्कृती कशी आहे' असं विचारू नये, उत्तर पाठ केलेलं मिळतं. या पदावरून शेवटची बढती कोणाला मिळाली आणि कशाच्या आधारावर, असं विचारावं. या पदाचा पगाराचा टप्पा लेखी आहे का, सगळ्या उमेदवारांना सारखेच प्रश्न विचारले जातात का, मुलाच्या जन्मानंतर रजेवर गेलेली माणसं परत त्याच कामावर आली का, हेही विचारावं. नीट चालणाऱ्या कंपनीतला मॅनेजर अशा प्रश्नांवर थोडा विचार करून उत्तर देतो, एखाद्या ठिकाणी आपण कमी पडतो हेही सांगतो. 'आमच्याकडे असा काही प्रश्नच येत नाही' असं कोणी हसत म्हणालं, तर त्या खोलीत टेबलाच्या पलीकडे कोण कोण बसलं आहे ते एकदा पाहून घ्यावं.